मुदतीच्या तापाची मोजदाद

भारतातील रुग्णालयांत तापासाठी येणाऱ्या रुग्णांपैकी नेमक्या किती जणांना टायफॉइड किंवा पॅराटायफॉइड झालेला असतो, हा प्रश्न साध्या हिशेबाचा वाटतो. तथापि गेल्या पावणेदोनशे वर्षांत त्याला मिळालेली उत्तरे एकमेकांशी इतकी विसंगत आहेत, की त्यांतून रोगाच्या चढउतारापेक्षा रोग शोधण्याच्या रीतींचाच इतिहास अधिक स्पष्टपणे वाचता येतो. एके काळी या देशातील लोकांना हा रोग जवळजवळ होतच नाही असे सरकारी डॉक्टर अधिकारवाणीने सांगत. पुढे शंभर वर्षांच्या आत अशी वेळ आली, की ताप चार दिवस उतरला नाही तर रक्ताच्या एका थेंबावरून टायफॉइडचे निदान होऊन औषधाची चिठ्ठी लिहिली जाऊ लागली. या दोन्ही टोकांच्या मागे जंतू तोच होता. पाहणारे बदलले होते, पाहण्याचे साधन बदलले होते आणि ज्यांना तपासले जाई ते रुग्णही बदलले होते.

टायफॉइड, म्हणजे मराठीत विषमज्वर किंवा बोलीत मुदतीचा ताप, हा ‘साल्मोनेला टायफी’ या जिवाणूमुळे होतो, आणि त्याच कुळातील ‘पॅराटायफी’ ए, बी आणि सी या जिवाणूंमुळे पॅराटायफॉइड होतो. भारतात यांपैकी ‘ए’ हाच प्रकार प्रामुख्याने आढळतो. दोहोंना मिळून आंत्रज्वर म्हटले जाते. हे जंतू माणसाखेरीज अन्य प्राण्यांत सहसा वस्ती करीत नाहीत, रुग्णाच्या किंवा वाहकाच्या विष्ठेतून पाण्यात व अन्नात उतरतात, आणि पोटात गेल्यावर आतड्याची भिंत ओलांडून रक्तात, यकृतात, प्लीहेत व अस्थिमज्जेत पसरतात. बाधा झाल्यापासून एक-दोन आठवड्यांनी ताप चढू लागतो, डोके दुखते, जिभेवर पांढरा थर चढतो, पोट फुगते, कुणाला जुलाब होतात तर कुणाला बद्धकोष्ठ. यांतील एकही लक्षण असे नाही, की जे केवळ याच रोगाचे म्हणता येईल. बरे झालेल्यांपैकी काहींच्या पित्ताशयात जंतू वर्षानुवर्षे टिकून राहतात, आणि अशी वरकरणी निरोगी माणसे रोगाची वाहक ठरतात.

लक्षणांवरून रोग ओळखता येत नसल्यामुळे त्याची पहिली खात्रीची ओळख पटली ती शवविच्छेदनाच्या टेबलावर. पॅरिसमधील पिएर लुई यांनी १८२९ मध्ये, रुग्णालयात तापाने मरण पावलेल्यांच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील पायर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लसिकापेशींच्या चकत्या सुजून त्यांवर व्रण पडलेले असतात हे अनेक मृतदेहांवरून दाखवून दिले. फिलाडेल्फियातील विल्यम गेरहार्ड यांनी १८३७ मध्ये आणि लंडनच्या फीव्हर हॉस्पिटलमधील विल्यम जेन्नर यांनी १८४९-५० च्या सुमारास, उवांमार्फत पसरणारा टायफस आणि आतड्यात व्रण करणारा टायफॉइड हे दोन भिन्न रोग असल्याचे सिद्ध केले. ब्रिस्टलचे विल्यम बड हा रोग रुग्णाच्या विष्ठेतील विशिष्ट विषापासून होतो असे जंतू सापडण्याआधीच सांगत होते, तर काही काळ कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून गेलेले चार्ल्स मर्चिसन तो कुजणाऱ्या घाणीतून आपोआप उद्भवतो असे १८६२ च्या आपल्या ग्रंथात मांडत होते. मर्चिसन यांचे मत चुकीचे ठरले, तरी हिंदुस्थानातील छावण्यांत त्याचा प्रभाव बराच काळ टिकला, आणि तेथील गटारे व शौचकूप यांच्या सुधारणेला त्या चुकीच्या मताचाही हातभार लागला, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले, आणि तेथील पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड यांनी या रुग्णालयातील व युरोपियन जनरल हॉस्पिटलमधील निरीक्षणांवर आधारलेला हिंदुस्थानातील रोगांविषयीचा दोन खंडांचा ग्रंथ १८५६ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळच्या वैद्यकात ताप मोजले जात ते त्यांच्या चालीवरून: ठरावीक अंतराने येऊन पूर्ण उतरणारा तो पाळीचा ताप, दिवसातून कमी होणारा पण पूर्ण न उतरणारा तो ‘रेमिटंट’ म्हणजे उतारचढीचा ताप, आणि एकसारखा राहणारा तो अखंड ताप. यांतील ‘रेमिटंट’ हा वर्ग म्हणजे अडगळीची खोलीच होती. आजच्या दृष्टीने ज्यांना हिवताप, काळा आजार, टायफॉइड, यकृताचा गळू असे वेगवेगळे निदान मिळाले असते, ते सारे रुग्ण नोंदवहीत तेथे जाऊन पडत. टायफॉइड या वर्गातून वेगळा काढायचा तर आतडे उघडून पाहणे आवश्यक होते, आणि रुग्ण दगावताच मृतदेह घरी नेण्याची नातेवाइकांची घाई व शवविच्छेदनाविषयीची तिटकाऱ्याची भावना लक्षात घेता, देशी रुग्णांच्या बाबतीत ही संधी डॉक्टरांना क्वचितच मिळे.

या अडगळीतून एक रोग मुंबईतच फार सुरेखपणे बाहेर काढला गेला. ‘ग्रेज अॅनॅटमी’ या ग्रंथाची चित्रे काढणारे म्हणून जगाला ठाऊक असलेले हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालयाशी संबंधित होते. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमधून मुंबईत लोटलेल्या उपाशी लोकांत तापाची साथ पसरली, तेव्हा त्यांनी रुग्णांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली मळसूत्राकार जंतू पाहिले. बर्लिनच्या ओबरमायर यांनी १८७३ मध्ये वर्णन केलेल्या उलटणाऱ्या तापाचे हे जंतू होते. कार्टर यांचा त्यावरील ग्रंथ १८८२ मध्ये निघाला. त्याच मार्गाने लाव्हराँ यांनी १८८० मध्ये दाखवलेल्या परजीवीमुळे हिवताप वेगळा झाला आणि १९०३ मध्ये काळा आजारही वेगळा काढता आला. टायफॉइडचा जंतू कार्ल एबेर्ट यांनी १८८० मध्ये पाहिला आणि गेऑर्ग गाफ्की यांनी १८८४ मध्ये प्रयोगशाळेत वाढवला, पण या जंतूची अडचण अशी, की तो रक्तात असतो तेव्हाही इतका विरळ असतो की काचपट्टीवरील थेंबात दिसण्याची शक्यता नसते. म्हणून ज्या साधनाने इतर ताप एकेक करून ओळखले गेले, त्या साधनापुढे टायफॉइड अदृश्यच राहिला.

गावोगावच्या नोंदींकडून तर काहीच अपेक्षा ठेवता येत नव्हती. मुंबई इलाख्यात जन्ममृत्यूची वर्दी देण्याची जबाबदारी गावच्या पाटलावर होती, आणि मृत्यूच्या तक्त्यात पटकी, देवी, ताप, हगवण व अतिसार, अपघात आणि ‘इतर’ असे मोजकेच रकाने असत, ज्यांत पुढे प्लेगची भर पडली. सर्वाधिक मृत्यू दर वर्षी ‘ताप’ या रकान्यात जात, आणि त्या रकान्यातून टायफॉइडचा वाटा वेगळा काढणे ना पाटलाला शक्य होते, ना तक्ते छापणाऱ्या सॅनिटरी कमिशनरला.

या अंधारात एकच गट असा होता की ज्याच्याविषयी बारकाईने माहिती ठेवली जाई, आणि तो म्हणजे गोऱ्या पलटणी. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६९ मध्ये रोगांची अधिकृत नावे ठरवून दिल्यानंतर लष्करी कागदपत्रांत आंत्रज्वर हा स्वतंत्र रकाना आला. तरीही ‘साधा अखंड ताप’ नावाचा एक सोयीचा रकाना त्याच्या शेजारी कित्येक वर्षे टिकून होता, आणि सौम्य टायफॉइडचे पुष्कळ रुग्ण त्यात जिरत असत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांत हा रोग गोऱ्या सैनिकांचा हिंदुस्थानातील एक प्रमुख मारेकरी ठरला, आणि आकड्यांतून असेही दिसू लागले, की इंग्लंडहून नुकतेच आलेले, विशीच्या आसपासचे शिपाईच त्याला अधिक बळी पडतात, तर चार-पाच वर्षे येथे काढलेले जुने शिपाई तुलनेने सुटतात. त्याच छावणीतील देशी शिपायांत मात्र हे निदान क्वचितच केले जाई. यावरून काढलेला निष्कर्ष असा होता की हिंदुस्थानी माणसाला वंशतः या रोगाविरुद्ध संरक्षण लाभलेले आहे. हवामान, तरुण वय आणि नवखेपणा ही गोऱ्यांच्या आजाराची कारणे म्हणून पुढे केली जात.

हा निष्कर्ष कसा निघाला हे समजण्यासारखे आहे, परंतु तो समाधानकारक का वाटला याचाही विचार करावा लागतो. रोग जर या देशाच्या हवेत असेल, तर त्यावर छावणीपुरती उपाययोजना पुरेशी ठरते. तो जर आजूबाजूच्या वस्तीतील हजारो मुलांत सतत चालू असेल, तर त्या वस्तीच्या पाण्याचा व मैल्याचा खर्च सरकारच्या अंगावर येतो. खरी गोष्ट अशी होती, की देशी शिपाई व रुग्णालयात येणारे देशी प्रौढ यांना बहुधा बालपणीच हा रोग होऊन गेलेला असे, आणि ज्या वयात तो होत असे त्या वयाची मुले त्या काळी रुग्णालयात आणलीच जात नसत. रॉबर्ट कॉख यांनी न्यू गिनीत हिवतापाबाबत नेमकी हीच उकल १९०० च्या सुमारास केली होती, आणि जर्मनीत ट्रीयर परिसरातील १९०२ च्या टायफॉइड मोहिमेत, डॉक्टरांनी कळवलेल्या रुग्णांखेरीज कितीतरी सौम्य रुग्ण, विशेषतः मुले, जंतूंच्या तपासणीतून त्यांना सापडली होती. हिंदुस्थानात त्या धर्तीवर मुलांची तपासणी करण्यास मात्र आणखी नव्वद वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

रुग्णालयातील चित्र पालटवणारे साधन पॅरिसमध्ये तयार झाले. जून १८९६ मध्ये फेर्नां विडाल यांनी तेथील वैद्यकीय सभेपुढे असे दाखवले, की टायफॉइडच्या रुग्णाच्या रक्तातील पातळ भाग, म्हणजे रक्तजल, टायफॉइडच्या जंतूंच्या मिश्रणात घातला की जंतू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. या चिकटण्यास समूहन म्हणतात; रोगाशी झुंजताना शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे ते घडवून आणतात, आणि रक्तजल कितीपट पातळ केले तरी समूहन होते यावरून त्याचे बळ मोजतात. या चाचणीसाठी रुग्ण मरण्याची वाट पाहावी लागत नव्हती, ही तिची मोठी थोरवी. कलकत्त्यात लिओनर्ड रॉजर्स यांनी तापाचे दैनंदिन आलेख, सूक्ष्मदर्शकाखालील रक्त, विडाल चाचणी आणि शवविच्छेदन यांची सांगड घालून उष्ण प्रदेशातील तापांची नव्याने वर्गवारी केली, आणि १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानंतर हिंदुस्थानी लोकांत टायफॉइड दुर्मीळ आहे असे म्हणणे अवघड होत गेले. रोग वाढला नव्हता. तो प्रथमच मोजला गेला होता.

याच सुमारास मोजणीत एक नवा गोंधळ शिरला, आणि तो लसीमुळे. इंग्लंडमधील नेटली येथील लष्करी वैद्यकीय विद्यालयातील ऑल्मरॉथ राइट यांनी मारलेल्या टायफॉइड जंतूंची लस १८९६ पासून माणसांना टोचण्यास सुरुवात केली, आणि तिच्यामागे पटकीच्या लसीचे हिंदुस्थानात प्रयोग करणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांची प्रेरणा होती. १८९८ मध्ये प्लेग कमिशनचे सदस्य म्हणून हिंदुस्थानात आलेल्या राइट यांनी येथील सुमारे चार हजार गोऱ्या सैनिकांना ही लस टोचली. नंतरच्या बोअर युद्धात ब्रिटिश फौजेत टायफॉइडचे सुमारे ५८ हजार रुग्ण व आठ हजारांवर मृत्यू झाले, आणि लस घेतलेल्या व न घेतलेल्या सैनिकांची तुलना करणारे आकडे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्याकडे गेले, तेव्हा १९०४ मध्ये त्यांनी ते आकडे एकमेकांशी जुळत नसल्याचे सांगून राइट यांचा रोष ओढवून घेतला. आक्षेप गंभीर होता: लस स्वेच्छेने घेणारा सैनिक मुळातच अधिक काळजी घेणारा असू शकतो, आणि लस टोचलेल्याला ताप आला तर डॉक्टर त्याला टायफॉइड म्हणण्यास कचरतो. त्यात भर अशी, की लस घेतलेल्याच्या रक्तातही समूहन घडवणारी प्रतिपिंडे तयार होतात, त्यामुळे ज्या फौजेला लस टोचली त्या फौजेच्या रुग्णालयात विडाल चाचणीचा साधा अर्थ उरत नव्हता.

पॅराटायफॉइडची गोष्ट या गोंधळात आणखी खोल दडलेली आहे. पॅरिसच्या आशार व बाँसोद यांनी १८९६ मध्येच टायफॉइडसारख्या आजारात थोडा निराळा जंतू सापडल्याचे नोंदवले, आणि १९०० च्या सुमारास हाम्बुर्कच्या हुगो शोटम्युलर यांनी रुग्णांच्या रक्तातून असे जंतू वाढवून त्यांचे दोन प्रकार वेगळे केले. रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरला हा भेद दिसणे अशक्य होते, कारण पॅराटायफॉइड सर्वसाधारणपणे सौम्य असतो हे खरे असले, तरी एखाद्या विशिष्ट रुग्णाचा सौम्य ताप कोणत्या जंतूचा हे त्यावरून ठरत नाही. पहिल्या महायुद्धात केवळ टायफॉइडची लस घेतलेल्या सैनिकांत पॅराटायफॉइड मोठ्या प्रमाणावर दिसू लागला, तेव्हा टायफॉइड आणि पॅराटायफॉइड ए व बी या तिन्हींची मिळून ‘टीएबी’ ही लस वापरात आली. पुढील अर्धशतकात शाळा, जत्रा आणि पुराचा तडाखा बसलेली गावे यांत दंड सुजवणारी टोचणी म्हणून ती महाराष्ट्रातही परिचित झाली.

जंतू रक्तातून वाढवून ओळखण्याच्या पद्धतीला ब्लड कल्चर किंवा रक्तसंवर्धन म्हणतात, आणि निदानाचा खरा कस तोच मानला जातो. अमेरिकेतील कोलमन व बक्स्टन यांनी १९०७ मध्ये १,६०२ रुग्णांच्या रक्तसंवर्धनाचे निष्कर्ष एकत्र करून दाखवले, की आजाराच्या पहिल्या आठवड्यात ८९ टक्के, दुसऱ्यात ७३, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ३८ टक्के रुग्णांच्या रक्तात जंतू सापडतो. या आकड्यांचा भारतीय रुग्णालयांच्या दृष्टीने अर्थ फार निर्णायक होता. घरगुती काढे, वैद्य, मग तालुक्याचा दवाखाना अशा पायऱ्या चढून जिल्ह्याच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत रुग्णाचा दुसरा-तिसरा आठवडा लागलेला असे, म्हणजे जेथे प्रयोगशाळा होती तेथे रुग्ण येईपर्यंत जंतू सापडण्याची उत्तम वेळ टळून गेलेली असे. शिवाय त्या काळी जेवढे रक्त काढण्यास रुग्ण तयार होत त्यापेक्षा अधिक रक्त या तपासणीला लागते. रुग्णाच्या एक मिलिलिटर रक्तात बहुधा एकाहूनही कमी जिवंत जंतू असतो हे पुढील संशोधनाने दाखवले आहे.

महाराष्ट्रातील घराघरांत या रोगाची मोजणी वेगळ्याच पद्धतीने, दिवसांच्या हिशेबाने, चाले. सात, चौदा किंवा एकवीस दिवसांची मुदत पुरी झाल्याखेरीज ताप उतरत नाही, मध्येच तो बळजबरीने उतरवू नये, आणि तोवर रोग्याला लंघन घडवावे किंवा भाताची पेज, मोसंबीचा रस, पातळ दूध एवढ्यावर ठेवावे, असा हा व्यवहार होता. तीन आठवडे ही मुदत निरीक्षणातून आलेली होती, आणि तिसऱ्या आठवड्यात आतड्यातील व्रण फुटून रक्तस्राव होण्याचा किंवा आतड्याला भोक पडण्याचा धोका सर्वाधिक असतो हे लक्षात घेता, घन अन्नाविषयीची भीतीही अगदी निराधार नव्हती. युरोपातील रुग्णालयेही त्या काळात रुग्णाला दुधावर ठेवीत. मात्र या लंघनाने आधीच खंगलेला रुग्ण अधिक खंगे, आणि उतारा पडल्यानंतर काही दिवसांनी ताप उलटला, तर दोष बहुधा पथ्य मोडणाऱ्याच्या माथी येई. उपचाराविना या रोगात शेकडा १० ते २० रुग्ण दगावत. मुंबईत संसर्गजन्य रोगांसाठी आर्थर रोडवर १८९२ मध्ये रुग्णालय उघडले, जे आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते. अशा ठिकाणीही डॉक्टरांच्या हाती मुख्यतः शुश्रूषाच होती.

ही स्थिती एका औषधाने बदलली. व्हेनेझुएलातील मातीत सापडलेल्या जिवाणूपासून १९४७ मध्ये मिळवलेले क्लोरॅम्फेनिकॉल घेऊन अमेरिकी डॉक्टरांचे एक पथक १९४८ मध्ये मलायात क्वालालंपूर येथे गेले होते ते निराळ्याच, ‘स्क्रब टायफस’ नावाच्या तापावर त्याची परीक्षा घेण्यासाठी. तेथे थिओडोर वुडवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांना टायफॉइडच्या रुग्णांवरही ते देता आले आणि ज्या तापाला तीन आठवडे लागत तो तीन-चार दिवसांत उतरू लागला. ‘क्लोरोमायसेटिन’ या व्यापारी नावाने हे औषध पन्नाशीच्या दशकात मराठी मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. रुग्णालयातील मोजणीवर त्याचे दोन परिणाम झाले, ज्यांची चर्चा फारशी होत नाही. एक म्हणजे टायफॉइडचे बहुसंख्य रुग्ण आता घरीच बरे होऊ लागले आणि रुग्णालयात येणाऱ्यांत गुंतागुंत झालेल्यांचे प्रमाण वाढले. दुसरा असा, की रुग्णालयात येण्यापूर्वीच प्रतिजैविकाच्या चार गोळ्या पोटात गेलेल्या असल्यामुळे रक्तसंवर्धन निष्फळ ठरू लागले.

औषधाचे हे राज्य पंचवीस वर्षेही निर्वेध चालले नाही. १९७२ मध्ये केरळातील कालिकत येथे क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणाऱ्या टायफॉइडची साथ आली. त्याच वर्षी मेक्सिकोतही तसेच घडले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि को-ट्रायमोक्साझोल या तिन्हींना एकाच वेळी दाद न देणारे जंतू भारतभर पसरले. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आले, आणि १९९० च्या दशकात त्याचाही प्रभाव ओसरू लागला. या प्रत्येक टप्प्यावर रुग्णालयांतून ‘टायफॉइड वाढला’ असे अहवाल निघाले. त्यांतला काही भाग खराच रोगवाढीचा असणार, पण औषध लागू पडत नसलेले रुग्ण मोठ्या रुग्णालयाकडे पाठवले जातात आणि त्यांचेच रक्त आवर्जून तपासले जाते, हेही या वाढीचे कारण होते, आणि त्या दोहोंची फोड केवळ रुग्णालयाच्या नोंदवहीवरून करता येत नाही.

दरम्यान विडाल चाचणी स्वस्त, झटपट आणि काचपट्टीवर करता येण्याजोगी झाल्याने गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबपर्यंत पोहोचली. ज्या प्रदेशात बहुतेकांना केव्हा ना केव्हा या कुळातील जंतूंची बाधा झालेली असते, तेथे निरोगी माणसाच्या रक्तातही थोडी प्रतिपिंडे असतात. अन्य साल्मोनेला किंवा हिवतापासारख्या आजारातही ती वाढलेली दिसू शकतात. आणि आजाराच्या पहिल्या आठवड्यात, खरा टायफॉइड असूनही, ती पुरेशी नसतात. नियमाप्रमाणे काही दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन प्रतिपिंडे चौपट वाढली का हे पाहावयाचे असते, पण ताप उतरल्यावर दुसऱ्यांदा रक्त द्यायला कोण येतो? अशा रीतीने एकोणिसाव्या शतकात जो रोग न पाहिल्यामुळे लपला होता, तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गरजेपेक्षा जास्त दिसू लागला, आणि डेंग्यू, हिवताप, लेप्टोस्पायरोसिस यांचे कित्येक रुग्ण त्याच्या नावावर जमा झाले.

वसाहतकाळातील जुन्या कोड्याचा उलगडा अखेर रुग्णालयाबाहेर झाला. दिल्लीतील कालकाजी भागातील वस्त्यांत १९९५-९६ मध्ये संशोधकांनी घरोघरी जाऊन तापाची चौकशी केली व रक्तसंवर्धन केले, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांखालील मुलांत वर्षाला दर हजारी २७.३, पाच ते एकोणीस या वयात ११.७, तर एकोणीस ते चाळीस या वयात केवळ १.१ इतके टायफॉइडचे प्रमाण आढळले. पाठ्यपुस्तके तोवर हा रोग मुख्यतः शाळकरी मुलांचा व तरुणांचा असल्याचे सांगत आली होती, कारण लहान मुलाचा ताप रुग्णालयात पोहोचला तरी त्याचे रक्त पुरेसे काढले जात नसे. छावणीतील देशी शिपाई सुरक्षित का वाटला, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

जेकब जॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये भारतातील विखुरलेले अभ्यास एकत्र करून जो हिशेब मांडला, त्यात रुग्णालयांत तापासाठी तपासलेल्यांपैकी ९.७ टक्के रुग्णांत टायफॉइड आणि ०.९ टक्के रुग्णांत पॅराटायफॉइड प्रयोगशाळेत सिद्ध झालेला दिसतो. वस्त्यांमधील अभ्यासांत मात्र दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला टायफॉइडचे ३७७ व पॅराटायफॉइडचे १०५ रुग्ण, म्हणजे साडेतीनास एक असे प्रमाण आढळते. रुग्णालयात दहास एक असलेले प्रमाण वस्तीत इतके खाली येते याचे एक कारण बहुधा असे, की सौम्य पॅराटायफॉइडचा रुग्ण रुग्णालयाची पायरी चढतच नाही. वेगवेगळ्या रुग्णालयांच्या आकड्यांत इतकी तफावत होती, की ९.७ हा आकडा कोणत्याही एका रुग्णालयाचे वर्णन नव्हे हे ध्यानात ठेवावे लागते.

त्यानंतर २०१७ ते २०२० या काळात दिल्ली, कोलकाता, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील वढू परिसरात चोवीस हजारांहून अधिक मुलांवर ठेवलेल्या नजरेतून शहरी भागांत दर लाख बालवर्षांमागे, म्हणजे एका मुलावर एक वर्ष नजर ठेवली की होणाऱ्या एककाच्या हिशेबाने, टायफॉइडचे ५७६ ते १,१७३ रुग्ण आढळले, तर ग्रामीण पुण्यात केवळ ३५. याच प्रकल्पात सहा रुग्णालयांच्या आधारे काढलेला मुलांमधील अंदाज ठिकाणागणिक १२ पासून १,६२२ पर्यंत पसरलेला होता. पुण्यापासून तासाभराच्या अंतरावरील गावांत आणि दिल्ली-वेल्लोरच्या दाट वस्त्यांत एवढा फरक का, याचे उत्तर विहिरी, नळ, गटारे आणि दाटी यांच्या स्थानिक इतिहासात शोधावे लागेल, आणि तो इतिहास अद्याप पुरेसा लिहिला गेलेला नाही.

नव्या संयुग्मी लसीचा, म्हणजे जंतूच्या आवरणातील शर्करा एका प्रथिनाला जोडून लहान बाळांतही परिणामकारक ठरेल अशा तऱ्हेने बनवलेल्या लसीचा, सार्वजनिक आरोग्यसेवेतील पहिला मोठा वापर २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने केला. नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या १,१३,४२० मुलांना पहिल्या टप्प्यात ती देण्यात आली. या लसीतील शर्करा पॅराटायफी ए या जंतूच्या अंगावर नसते, त्यामुळे तिचे संरक्षण टायफॉइडपुरतेच राहते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दोन्ही जंतूंविरुद्ध एकत्रित लस तयार करून तिच्या माणसांवरील पहिल्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध केले आहेत, आणि ती पुढे कोणत्या शहरात, कोणत्या वयाला द्यावी हे ठरवताना प्रयोगशाळांना पॅराटायफॉइडची नोंद टायफॉइडच्या रकान्यातून बाहेर काढून वेगळी ठेवावी लागणार आहे.